आज्ञाभंगाची आगाऊ सूचना

श्री. इनास मचाडो साहेबांचा आणि माझा खरा परिचय भांडणाने झाला. गौरवग्रंथात अशी सुरुवात शोभत नाही, याची मला जाणीव आहे. पण नोंद अचूक असावी.

वसईतल्या आमच्या गावाच्या वळणावर एक दगडी क्रूस होता. रस्ता रुंद करण्यासाठी तो हलवण्याचा आदेश निघाला आणि सगळे गाव वळणावर जमले. मी नुकताच बी.कॉम. झालो होतो आणि माझा आवाज मोठा होता. साहेब तेव्हा भूमापन खात्यात नोकरीस होते. आमच्याच आळीतले, आमच्याच चर्चचे. मोजणीसाठी खात्याने नेमके त्यांनाच पाठवले. त्यांनी नकाशा पाहिला, टेप दोनदा लावला आणि सांगितले, "क्रूस रस्त्याच्या हद्दीत आहे."

"इनासकाका, तुम्ही देवाचे की सरकारचे?" मी गर्दीतून ओरडलो.

"टेप हातात आहे तोवर टेपचा," ते म्हणाले. "खाली ठेवला की ये घरी, मग विचार."

मी गेलो नाही. पण त्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या अंगणाचा रस्त्याकडचा कोपरा क्रूसासाठी मोकळा करून दिला. मे महिन्यातली रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आजही त्याच कोपऱ्यावर म्हटली जाते. तरीही "सरकारी ख्रिस्ती" ही उपाधी त्यांना पुष्कळ वर्षे चिकटून राहिली. त्यांनी ती कधी खोडून काढली नाही.

निवृत्तीनंतर साहेबांनी चर्चच्या सभागृहात दर रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपल्यावर एक अभ्यासवर्ग सुरू केला. मीही जाऊ लागलो आणि वर्गाची टिपणे ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. ख्रिस्ती माणसाने राज्यकर्त्यांची आज्ञा कुठवर पाळावी, हा त्यांच्या आवडीचा विषय. ते व्याख्यान देत नसत, विचारत असत. एका रविवारी एक तरुण अभियंता जरा तोऱ्यात म्हणाला, "बायबलात संत पौलाने स्पष्ट लिहिलंय, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. विषय संपला."

"पौलाचा शेवट कुठे झाला?" साहेबांनी विचारले.

"रोममध्ये."

"कोणी केला?"

"सरकारने."

"मग तो अधीन होता की नव्हता, हे पुढच्या रविवारी सांग. घाई नाही."

पुढच्या रविवारी अभियंता आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला आणि मागच्या बाकावर बसला. साहेबांनी उत्तर मागितले नाही. आयुष्यभर जमिनी मोजलेल्या माणसाचे मत त्याच्या कामातूनच आलेले होते : सत्ता देवाने दिलेली असते, पण हद्द आखून दिलेली असते. हद्दीच्या आत ती मागेल ते द्यावे. हद्द ओलांडली की "नाही" म्हणावे. आणि "नाही" म्हटल्याची किंमत आपण मोजावी, दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये. ऐकायला सोपे आहे. मी वर्गाच्या टिपणवहीत ते स्वच्छ अक्षरात उतरवून घेतले होते.

मग बावखलाचा प्रश्न आला. बावखल म्हणजे वाडीतले खोदीव तळे. पावसात भरते आणि उन्हाळ्यात भाजीला पाणी पुरवते. आमच्या गावचे बावखल बुजवून तिथे वाहनतळ करण्याचे ठरले. गावाला वाटले, इनासकाका नकाशा काढतील आणि तळे देऊन टाका म्हणतील. साहेबांनी जुने दप्तर पाहिले. तळे सार्वजनिक पाण्याचे म्हणून नोंदलेले होते आणि गावाची सुनावणी झालेली नव्हती. त्यांनी हरकत नोंदवली. उत्तर आले नाही. पुन्हा नोंदवली. उत्तराऐवजी जमावबंदीचा आदेश आला आणि पाठोपाठ डंपर येणार असल्याची बातमी.

त्या सकाळी ते माझ्याकडे आले. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. मायना, विषय, संदर्भ एवढे मला नेटके जमते. त्यांनी सांगितले ते मी टंकलिखित केले. विषय : जमावबंदी आदेशाचा भंग करण्याबाबत पूर्वसूचना. खाली मजकूर : उद्या सकाळी आम्ही पुढील सात व्यक्ती बावखलाच्या काठी उभ्या राहणार आहोत. आमच्याकडे काठी अथवा दगड असणार नाही. आम्ही तोंड झाकणार नाही, पळणार नाही, अटकेस विरोध करणार नाही. शेवटी सात नावे, सात पूर्ण पत्ते, सात सह्या. चौथी सही माझी होती.

ठाण्यातल्या निरीक्षकांनी पत्र दोनदा वाचले. "काका, असं लिहून कोण देतं?"

"ज्याला लपायचं नसतं तो," साहेब म्हणाले, आणि पोहोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही उभे राहिलो. त्याच पाण्यावर वांगी-मिरची पिकवणाऱ्या रोजमावशी पहिल्या डंपरसमोर गेल्या आणि चालकाला म्हणाल्या, "पानी बुजवून गाड्या उभ्या करनार? तहान लागली की पेट्रोल प्या मग!"

"मावशी, शिवीगाळ नाही असं ठरलंय," साहेबांनी बजावले.

"ही शिवी नाय, इनास. सल्ला हाय."

पोलिसांनाही हसू आवरले नाही. दुपारपर्यंत आम्ही सातही जण ठाण्यात होतो, संध्याकाळी घरी. खटला मात्र राहिला.

त्यानंतरच्या वर्षांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. तारखा पडत गेल्या. कधी न्यायाधीश रजेवर, कधी सरकारी वकील गैरहजर. आम्ही वसईच्या न्यायालयाच्या जिन्यावर बसून राहायचो आणि पुढची तारीख घेऊन परतायचो. या काळात बावखल अर्धे बुजले. रोजमावशींनी भाजी लावणे सोडले. साहेबांच्या गुडघ्यांनी जिन्याला नकार द्यायला सुरुवात केली; ते प्रत्येक पायरीवर थांबत. त्यांची एकुलती कन्या परदेशी असते; तिला इकडे येणे जमलेले नाही. तिला मुलगी झाली, ती चालू लागली, बोलू लागली. आजोबांनी तिला फोनच्या पडद्यावरच पाहिले आहे. खटला प्रलंबित असल्यामुळे पारपत्राचे नूतनीकरण अडले होते. दोष सिद्ध झाला, तर व्हिसाच्या अर्जात तो कायमचा लिहावा लागणार होता. नातीला एकदा मांडीवर घ्यायचे, एवढी एकच इच्छा त्यांनी आमच्याजवळ बोलून दाखवली आहे. म्हणून न्यायालयात ते काय म्हणतात, यावर फार काही अवलंबून होते.

आरोप वाचून दाखवण्याच्या आदल्या दिवशी वकिलांनी आम्हा सर्वांना बसवले. "ते पत्र पोलिसांच्या फाइलमध्ये सापडत नाही," ते म्हणाले. "पोलीस साक्षीदार तुम्हाला ओळखणार नाहीत. मिस्सा सुटली होती, घरी चाललो होतो, असं सांगा. सगळे सुटाल. मचाडो साहेब, तुम्ही तर दोन महिन्यांत विमानात."

आम्ही सहाजणांनी मान डोलावली. रोजमावशींनी डोलावली, मीही डोलावली. माझ्या मुलाच्या नोकरीसाठी घरची पोलीस पडताळणी व्हायची होती. हे कारण आहे, समर्थन नाही.  साहेबांच्या सदऱ्याच्या खिशात शिक्का मारलेली ती प्रत घडी करून ठेवलेली होती. घडीचा कोपरा मला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सहाजणांनी गुन्हा नाकबूल केला. मग त्यांची पाळी आली.

"गुन्हा कबूल आहे?"

"मी तिथे उभा होतो, साहेब. आदेश वाचून उभा होतो. तो गुन्हा असेल तर कबूल आहे."

"बरोबर आणखी कोण होते?"

"ज्याचं त्याला विचारावं. मी माझ्यापुरतं सांगतो."

ती प्रत त्यांनी खिशातून काढली नाही. तिच्यावर आमच्या सह्या होत्या.

न्यायाधीशांना बहुधा त्यांना सोडून द्यायचे होते. ते म्हणाले, "वय पाहता... पुन्हा असं करणार नाही ना?"

साहेबांनी मनापासून विचार केला. "केलं तर आधी कळवीन."

न्यायालय उठेपर्यंत साधी कैद आणि किरकोळ दंड, अशी शिक्षा झाली. मागच्या बाकावर त्यांना बसवले. दुपारी मी त्यांना चहासाठी बाहेर बोलवायला गेलो. ते हळूच म्हणाले, "अरे, मी कैदेत आहे." शेवटी हवालदारांनीच चहा आत आणून दिला. संध्याकाळी न्यायालय उठले. बाकावरून उठायला त्यांना मात्र माझा हात लागला. पुढे साक्षीदार आम्हाला ओळखू शकले नाहीत आणि आम्ही सहाजण निर्दोष सुटलो.

मी नंतर कित्येक रविवार वर्गाला गेलो नाही. एके दिवशी साहेब स्वतः घरी आले. मी खुलासा करू लागलो. त्यांनी तो ऐकून घेतला नाही. "टिपणवही तुझ्याकडे राहिलीय," ते म्हणाले. "इतक्या रविवारांचं कोरं राहिलंय. मी तोंडी सांगतो, उतरून घे." मी उतरवून घेतले. त्यांनी मला क्षमा केली असे लिहिणे सोपे आहे. पण तसा शब्द त्यांनी उच्चारला नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

खटला निकाली निघाल्याने आम्हा सातही जणांचे पारपत्राचे मार्ग मोकळे झाले. माझे कपाटात आहे. मला कुठे जायचे नाही. साहेबांच्या व्हिसाचा अर्ज मीच भरला. कधी शिक्षा झाली आहे काय, या प्रश्नाशी आल्यावर मी थांबलो. "शिक्षा इतकी लहान आहे. 'नाही' लिहिलं, तर कोणाला कळणार?"

"तुला," ते म्हणाले.

मी "होय" लिहिले. निकालपत्राचे इंग्रजी भाषांतर करून जोडले. प्रत्येक कलम तपासून, दोनदा वाचून. त्या अर्जाचे उत्तर हा लेख छापायला जाईपर्यंत आलेले नाही.

साहेब आता पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. अशा प्रसंगी शंभरीच्या शुभेच्छा देण्याची प्रथा आहे. परंतु इतकी वर्षे कचेऱ्यांच्या जिन्यांवर काढलेल्या माणसासाठी नुसती आणखी वर्षे मागणे मला पुरेसे वाटत नाही. परमेश्वराजवळ माझे मागणे मोजके आहे. त्यांची नजर शाबूत राहो. त्यांच्या गुडघ्यांत बळ टिकून राहो. उत्तराचे पाकीट येईल त्या दिवशी दार उघडायला त्यांनी स्वतःच्या पायांनी उठावे. आणि उत्तर "नाही" असले, तर ती नात मोठी होऊन स्वतःच इथवर येईल, तोवर त्यांनी असावे.