पपांची सोन्याची बटणं

माझ्या धाकट्या भावाचा मी आयुष्यभर बऱ्याच गोष्टींसाठी हेवा केला. त्यातल्या बहुतेक गोष्टी वयाबरोबर गळून गेल्या. तो कॅनडाला गेला, त्याचं आता काही वाटत नाही. पन्नाशी उलटली तरी त्याचे केस काळे आहेत, तेही मी माफ करून टाकलं. एक गोष्ट मात्र पोटातून जाईना. ती म्हणजे पपांची सोन्याची बटणं.

बटणं म्हणजे कफलिंक्स. पण आमच्या वसईजवळच्या उमेळे गावातल्या घरात हा शब्द कुणी वापरत नसे. पपा 'माझी बटणं' म्हणायचे आणि सगळ्यांना कळायचं. आजोबांच्या पानवेली होत्या. एका वर्षी पानांना चांगला भाव आला आणि पपांचं लग्न ठरलं, तेव्हा आजोबांनी वसईतल्या होळी नावाच्या भागातल्या एका सोनाराकडून ती करवून घेतली होती. नखाएवढ्या लांबट गोल चकत्या, दोन-दोन, मध्ये तीन बारीक कड्यांची साखळी. वरच्या चकतीवर विड्याचं पान कोरलेलं. सोनाराने पानाचा देठ मुद्दाम वाकडा काढला होता, एकावर डावीकडे, एकावर उजवीकडे. बटणं लावली की दोन्ही देठ अंगठ्याकडे वळलेले दिसायला हवेत. हे सोनाराला माहीत होतं, आजोबांना माहीत होतं, पपांना माहीत होतं आणि मला.

मला, कारण ती लावायची मी. पपा मुंबईला एका ऑफिसात कारकून होते. आठवडाभर साधा शर्ट, पण रविवारी चर्चमधल्या मोठ्या मिस्सेला मात्र दुहेरी कफाचा पांढरा शर्ट आणि बटणं. साखळीची बटणं एका हाताने लावता येत नाहीत, दुसरं माणूस लागतंच. आईची बोटं विहिरीच्या दोराने जाड झाली होती, तिला ती बारीक चकती धरता येत नसे. मी नऊ वर्षांची झाले तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. कफ दुमडायचा, चारही काजं एका रेषेत आणायची, चकती आडवी करून आत सारायची, साखळी ताणायची आणि पलीकडे चकती सरळ करायची. पपा खिडकीबाहेर केळींकडे बघत हात पुढे धरून उभे राहायचे. मनगटाला साबणाचा आणि पावडरीचा वास यायचा. 'झालं?' विचारायचे. मी 'झालं' म्हणायचे. मग ते अंगठ्याने एकदा देठ चाचपायचे आणि दुसरा हात पुढे करायचे. आमच्या दोघांत एरवी फार बोलणं नव्हतं.

तेव्हा माझा भाऊ पायरीवर बसून केळं खात असायचा. बटणांकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नाही.

मी पुढे शिवणकाम शिकले. वसईतल्या कितीतरी नवऱ्यांच्या पोशाखाला, पहिल्या कम्युनियनच्या फ्रॉकला आणि पाद्रींच्या झग्यांना माझा हात लागला आहे. हाताने केलेलं काज ही माझी खासियत. बायका म्हणतात, तुझं काज शर्ट फाटला तरी फाटत नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही, पुढे लागणार आहे म्हणून सांगते.

भावाचं लग्न झालं, त्या सकाळी पपांनी कपाटातून डबी काढली आणि सगळ्यांसमोर त्याच्या हातात दिली. मी तोवर लग्न होऊन होळीला गेले होते, बांगड्या घेऊन गेले होते, म्हणजे माझा हिशेब मिटलेला. माझा चेहरा बघून आई हळूच म्हणाली, "मुलीच्या हाताला कफ असतात का गो?" गावाचे कफ शिवणाऱ्या बाईला हे ऐकावं लागलं. वर भावाला बटणं लावता येईनात, म्हणून मलाच हाक मारली. मी लावली. देठ अंगठ्याकडे वळवले. आयत्या बिळावर नागोबा, असं मनात म्हणत लावली. महिनाभराने तो ती घेऊन विमानात बसला.

त्यानंतर मला कफलिंक्सचं वेडच लागलं. वसई स्टेशनजवळच्या सोन्याच्या दुकानांत बायका हार बघतात, मी काचेच्या कोपऱ्यातली ती छोटी पेटी बघायचे. नव्या धाटणीच्या कफलिंक्स सुंदर असतात, खोटं कशाला बोलू. चौकोनी, झिलई न केलेल्या, काहींवर नुसती एक सरळ रेघ. मागे साखळी नाही, एक फिरणारी दांडी असते. ती उभी करून काजात घातली आणि आडवी केली की झालं. दुकानातल्या मुलाने एका हाताने लावून दाखवली आणि मी वेड्यासारखी बघत राहिले. जुन्या बटणात सोनं झिजून मऊ झालेलं असतं, कडेला बोटाचा गुळगुळीतपणा येतो. नव्यात कडा अजून धारदार असतात, उजेड त्यांच्यावर टेकतो. मला दोन्ही आवडतात. पण हवी होती एकच जोडी.

शेवटी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी नवऱ्यासाठी चौकोनी जोडी घेतली. मनात होतं की रविवारी तो हात पुढे करेल आणि मी लावीन. रविवारी मी अंघोळ करून बाहेर आले तर हा बटणं लावून, बूट घालून, दारात उभा. "एकदम सोपं आहे गं," म्हणाला. त्या दिवशी मी त्याच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही. का, ते त्याला अजून माहीत नाही.

दरम्यान आई गेली. मागोमाग काचबिंदूने पपांची नजर गेली, आधी एक डोळा, मग दुसरा. मी रोज होळीहून उमेळ्याला जाऊन त्यांचं बघते. ते फारशी तक्रार करत नाहीत. बोटांनी जग ओळखतात. वाटी कोणती, नोट कितीची, आज मी कोणती साडी नेसले, सगळं अंगठ्याने. केळीच्या जागेवर उभी राहिलेली इमारत त्यांनी पाहिली नाही, हे एका परीने बरंच झालं.

गेल्या वर्षी भावाच्या मुलाचं लग्न निघालं. पपांची इच्छा म्हणून लग्न इथे, आमच्या चर्चमध्ये. पपांनी फोनवर दोनदा विचारलं, "बटणं आणणार ना?" भाऊ म्हणाला, आणतो. त्या दिवसापासून माझं डोकं फिरलेलं होतं. पपांचे पाय चेपते मी, डोळ्यांत थेंब घालते मी, आणि फोनवर बटणांचं विचारायचं त्याला.

लग्नाच्या सकाळी मी उमेळ्याच्या घरी सुई-दोरा घेऊन हजर होते, कुणाचं ना कुणाचं काहीतरी उसवतंच. भाऊ आतल्या खोलीत आला. त्याच्या हातात औषधाच्या गोळ्यांची रिकामी प्लास्टिकची बाटली. झाकण काढून त्याने ती तळहातावर उलटी केली आणि कापसाबरोबर पपांची बटणं बाहेर पडली. काळपटलेली. साखळीत कापसाचा धागा अडकलेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"डबी कुठाय?" मी विचारलं.

"घर बदलताना हरवली बहुतेक. ताई, जरा लावून दे ना त्याला. मला ते जमत नाही, तुला माहितीये."

भाचा शर्ट घालून उभा होता. उंच, हसरा मुलगा, माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि मी पाहिलं की शर्टाचा कफ साधा आहे. एका बाजूला काज, दुसऱ्या बाजूला पांढरं प्लास्टिकचं बटण. सूट तिकडून तयार आणला होता, आणि बटणं घालायची तर काज दोन्ही बाजूंना लागतं, हे बाप-लेकांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

हे वीस मिनिटांचं काम होतं. बटण कापायचं, ब्लेडने चीर द्यायची, कडा गुंफायच्या. मी डोळे मिटून केलं असतं. निघायला अजून तास होता, सुई माझ्या पदरालाच टोचलेली होती.

"या शर्टाला नाही बसत ती," मी म्हणाले. "त्याला कफ वेगळा लागतो."

"काहीच नाही करता येणार?"

"नाही."

मला वाटलं तो गळ घालेल. तसं केलं असतं तर कदाचित मी पाघळले असते. तो म्हणाला, "जाऊ दे, बटण आहे ना, चालतंय," आणि बाटली माझ्या हातात देऊन फोटोवाल्याला शोधायला गेला. ज्याच्यासाठी मी तीस वर्षं जळले, ते त्याने एका वाक्यात सोडून दिलं. मी बटणं कापसातून काढली, पदराने पुसली, रुमालात बांधली आणि पर्समध्ये ठेवली. मला आनंद झाला. अगदी खरं सांगायचं तर नाचावंसं वाटलं. आजचा दिवस तरी ती माझ्या मालकीची होती आणि त्याच्या घरातल्या कुणाच्याही हाताला नव्हती.

चर्चला निघण्याआधी नवरदेव घरातल्या मोठ्यांचा आशीर्वाद घेतो. बँडवाले अंगणात उभे होते. पपांना नवा सदरा घालून मधल्या खोलीत खुर्चीवर बसवलं होतं. भाचा गुडघ्यांवर बसला. पपांनी चाचपत त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण केली, प्रार्थना पुटपुटली, मग त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला. मला वाटलं आता सोडतील. सोडला नाही. त्यांचा अंगठा बाहीवरून सरकत कफापर्यंत गेला आणि थांबला. मग त्यांनी डावा हात मागून घेतला आणि तिथेही अंगठा फिरवला. खोलीतल्या बाकीच्यांना वाटलं, म्हातारा नातवाला कुरवाळतोय.

"बटणं नाही आणली?" पपांनी विचारलं.

"आणलीत, ग्रँडपा," भाचा त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला. "पण या शर्टाला नाही येत. आत्या बोलली."

मी भिंतीला टेकून उभी होते, पर्स काखेत घट्ट धरलेली. माझ्या मनात त्यांना द्यायची सगळी उत्तरं तयार होती. ते चिडले तर शर्टाला नावं ठेवायची, भावाला बोलले तर आणखी चांगलं. त्यांनी मान वळवली, माझ्या दिशेने नाही, थोडी बाजूला, मी नेहमी जिथे उभी असते तिकडे.

"बाय," ते मला म्हणाले, "तुला काज करायला जमलं नाही?"

मी पर्स आणखी आवळली.

ते आणखी हळू आवाजात म्हणाले, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून, "तुझे पण डोळे गेले का गो?"

त्या माणसाला हे सुचलंच नव्हतं की मी खोटं बोलेन. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट आली, की जे त्याला झालं ते मलाही झालं, आणि मी ते लपवते आहे. त्याच्या चेहऱ्यावर मी इतकी भीती आई गेली तेव्हासुद्धा पाहिली नव्हती.

मी पर्स उघडली. भाच्याला म्हटलं, शर्ट काढ. भाऊ म्हणाला, "ताई, तू तर म्हणालीस की..." मी त्याच्याकडे बघितलं आणि तो थांबला. बहुतेक तेव्हाच त्याला सगळं समजलं. पुढे त्याने तो विषय कधी काढला नाही, आणि त्याच्या या चांगुलपणाचाही मला राग येतो. बँडवाल्यांना सरबत दिलं. मी पपांच्या पायाशी जमिनीवर बसले आणि दोन काजं केली. घाईत केली, तरी आजवरची माझी सगळ्यात चांगली काजं आहेत ती. मग भाच्याला शर्ट घालायला लावला, चकती आडवी करून सारली, साखळी ताणली.

"झालं?" पपांनी विचारलं.

"झालं."

त्यांनी नातवाचे दोन्ही हात घेऊन देठ चाचपले. बरोबर होते. आम्ही चर्चमध्ये उशिरा पोहोचलो आणि फादर रागावले.

बटणं पुन्हा कॅनडाला गेली. डबी मी नवी करून दिली, आत मखमल लावून. भावाने विचारलं होतं, ताई, तुला ठेवायची का? मी नको म्हटलं. आता कोणत्या तोंडाने ठेवणार.

लग्नाच्या दिवशी रात्री पपांच्या डोळ्यांत थेंब घालताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "तरी एकदा दाखवून घे. माझंही असंच सुरू झालं होतं, आधी सुईत दोरा जात नव्हता." मी हो म्हटलं. मग रोज विचारायला लागले, गेलीस का, गेलीस का. शेवटी मी गेले. डॉक्टरांनी सगळं तपासलं, डोळ्यांत औषध घालून दोन तास बसवून ठेवलं. काहीही नव्हतं. चष्म्याचा नंबरसुद्धा जुनाच.

पपांना मी सांगितलं, थोडा वाढलाय.