कामरगावला गेलेलं सिलिंडर

"ए, माह्यं सिलिंडर काढ आधी, मंग बाकीचं बोल," मी ओरडत होतो. "चोराच्या हाती गाडी देऊन बसले, अन् मलेच कार्ड मांगून राह्यले."

केनवडच्या गॅस एजन्सीच्या ओट्यावर, सकाळी दहाच्या सुमारास, हा तमाशा चालू होता. ज्याच्यावर ओरडत होतो तो घरोघर सिलिंडर पोचवणारा, साठीला टेकलेला माणूस. अकरा वर्षं आमच्या रिठदच्या घरी त्यानंच गॅस आणला. मी त्याला मामा म्हणायचो, तो मला जवाईबुवा, कारण माझी बायको केनवडची. गावची लेक ज्याला दिली तो अख्ख्या गावाचा जावई. जावई वाटेल ते बोलला तरी त्याला उलट बोलत नाहीत. या सोयीचा मी त्या दिवशी पुरेपूर फायदा घेतला.

झालं असं, की आम्ही वाशिमला नवीन घर बांधून राहायला गेलो. केनवडची गाडी तिकडे येत नाही, आणि नव्या घराजवळची एजन्सी वेगळ्या कंपनीची. म्हणजे जुनी दोन्ही सिलिंडरं आणि रेग्युलेटर केनवडला जमा करायचं, तिथून कागद घ्यायचा, तो वाशिमला दाखवायचा, मग नवीन गॅस. मी आमच्या नव्या गल्लीत आधीच सांगून ठेवलं होतं, "केनवडले माहा नुसता निरोप गेला ना, तर सिलिंडरं आपल्या पायानं चालत येतीन."

प्रत्यक्षात एकच सिलिंडर जीपमध्ये घालून मी गेलो. रेग्युलेटर तर घरीच विसरलो होतो. काउंटरवरच्या पोरीनं कार्ड पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्या नावावर दोन हायेत. दुसरं?"

दुसरं नव्हतं. रिठदचं घर मी माझ्या हातानं रिकामं केलं, तिथं एकच निघालं. "माहीत नाही" म्हणायला काय जात होतं? पण ते दोन शब्द माझ्या तोंडाला कधी शिकवलेच नाहीत. प्रश्न आला की गोष्ट आपोआप बाहेर पडते. समोर मामा गाडीतून सिलिंडरं उतरवत होता. मी म्हणालो, "दुसरं याले विचारा. रिकामं नेलं, भरलेलं आनलंच नाही."

तो हात पुसत आला. "जवाईबुवा, असं नाही झालं. जरा याद करून पाहा बरं."

याद करायला हवी होती. पण रांगेत दहा-बारा माणसं होती, आणि एका म्हाताऱ्यानं ऐकायला म्हणून हातातली थैली खाली ठेवली. तिथं मी बुडालो. ऐकणारा भेटला की मी दोरीचा साप करतो आणि त्याला फणाही काढून देतो. मी सांगितलं, की दिवे लागायच्या वेळेला यानं वासरू उचलावं तसं सिलिंडर खांद्यावर टाकलं. मी तीनदा हाक मारली, यानं वळून पाहिलं नाही. आमचा कुत्रा पुलापर्यंत त्याच्या मागं भुंकत गेला.

आमच्याकडे कुत्रा कधीच नव्हता.

आणि बरोबर त्या कुत्र्यापाशी मला आठवलं. मागच्या वर्षी भाचीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मीच ते सिलिंडर कामरगावला बहिणीकडे नेलं होतं. बहीण एक मागत होती, तर मी म्हणालो होतो, "एक कायले, म्हनशीन तर गोदाम आनून देतो." तिच्या स्वयंपाकघरातला तो कोपरा, सिलिंडरवर ठेवलेला पाट, सगळं डोळ्यांपुढं लख्ख उभं राहिलं. तोंड मिटायला एवढा वेळ पुष्कळ होता. पण म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग, कुत्र्यानं काय केलं?"

आणि कुत्र्यानं काय केलं ते मी सांगितलं.

एजन्सीचे मालक बाहेर आले. त्यांनी मामाला विचारलं, "खरं हाय काय हे?" मामानं माझ्याकडे एकदा पाहिलं. "गावचे जवाई हायेत. मी काय बोलू," एवढंच म्हणाला. मालकांना ती कबुली वाटली. चौकशी होईपर्यंत त्याला गाडीवरून उतरवून गोदामात बसवलं. माझं एक सिलिंडर तेवढं जमा झालं, कागद काही मिळाला नाही.

घरी नव्या गच्चीवर बायकोनं तीन विटांची चूल मांडली होती. धुरानं कोऱ्या भिंतीवर काळा पट्टा ओढला होता. तिच्या भावाचा फोन माझ्याआधी पोचला होता.

"मामाले गाडीवरून उतरवलं म्हनते. काहून?"

मी गोष्ट सांगितली. कुत्रा तेवढा वगळला.

"ते सिलिंडर कामरगावले नाही काय? मीच त्याले हळदकुंकू लावून जीपमंदी ठेवलं व्हतं."

"असन."

"असन?" तिनं भाकर उलटली. "शाळेत असतानी माहा पाय मोडला, तवा दोन महिने त्याच मामानं मले सायकलवर नेलं. आता आखाजीच्या सणाले मी कोन्या तोंडानं माहेरी जाऊ?"

तिनं तवा उतरवला आणि चूल विझवली.

मी आयुष्यभर थापा मारल्या. रिठदच्या नाल्यात मी मगर पाहिली आहे, आमच्या वेलाची काकडी दोन माणसांनी बाजेवर घालून आणली आहे. लोक हसले, मीही हसलो, कोणाचं काही गेलं नाही. या वेळी एका माणसाची इज्जत गेली होती, तीही तो गप्प बसला म्हणून. शेजाऱ्यानं कुंपणावरून विचारलं, "आले काय सिलिंडरं चालत?" मी म्हणालो, "वाटेत हायेत, दमले असतीन." तो हसला. मला घरात जाऊन कडी लावावीशी वाटली.

दोन दिवस मी सुटकेच्या गोष्टी रचत होतो. सिलिंडर कडब्यात सापडलं. मामासारखा दिसणारा दुसराच होता. तिसऱ्या दिवशी कामरगावला गेलो. बहीण म्हणाली, "घेऊन जाय बापा, कधीची अडगळ झाली." तिथून थेट केनवड.

ओट्यावर दोघंच होते, त्यातला एक मोबाइलमध्ये. मी मालकांना म्हणालो, "सिलिंडर माह्या बहिनीकडं व्हतं. मले त्याच दिवशी बोलता बोलता आठवलं, तरी मी बोलत राह्यलो."

माझ्या जन्मात मी सांगितलेली ती सगळ्यात लहान गोष्ट. मोबाइलवाल्यानं मानही वर केली नाही. त्या दिवशीचे दहा-बारा जण कुत्र्यासकट गोष्ट घेऊन आपापल्या गावी कधीच पांगले होते. मालक म्हणाले, "उद्यापासून बसवतो त्याले गाडीवर. मागं गोदामात हाय, सिलिंडर तिथं नेऊन द्या."

मामा पोत्यावर बसून चष्म्यातून सिलिंडरच्या तोंडातली रबरी वायसरं तपासत होता. मी सिलिंडर त्याच्यापुढं ठेवलं.

"मामा, चुकलं माह्यं. मालकाले खरं सांगितलं. त्या दिवशी जे रांगेत व्हते, त्याईच्या घरोघर जाऊन सांगतो."

त्यानं सिलिंडर तिरपं करून त्यावरचा आकडा वाचला, वहीत लिहिला, ते रांगेत नेऊन उभं केलं. मग हात झटकले.

"रेग्युलेटर आनलं काय, साहेब?"