आमचा नंबर चौदावा

मागच्या रविवारी मोबाईलवर तुमच्या काकाने तुम्हाला नेहमीचेच तीन प्रश्न त्याच क्रमाने विचारले आणि तुम्ही दोघं हसलात. मला, तुमच्या आजीला, राग आला. पण तुमच्यावर रागवायचा अधिकार मला का नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते आहे.

भोरच्या शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आणि गुंजवण्याजवळ आपल्या शेतावर तुमच्या काकाकडे राहायला आले. तो चौतीस वर्षांचा असताना पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम असल्याचं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "बुद्धी उत्तम आहे. माणसं जे न बोलता समजून घेतात, ते याला सांगावं लागेल." गावाने एवढे कष्ट घेतले नाहीत. गावात तो 'यडा मास्तर'. शिकवत तो कुठेच नाही. चुका काढतो म्हणून मास्तर.

आपल्याकडे भाताची लावणी सावडीने होते. चौदा घरं एकत्र येतात आणि रोज एकेका घराच्या खाचरात सगळे मिळून रोपं लावतात. कोणाची पाळी कधी, ते देवळात बसून ठरतं. गेल्या वर्षी सातवा नंबर कडेच्या घरातल्या म्हातारीचा होता, आपला नववा आणि माजी सरपंचांचा अकरावा. सातव्या दिवशी सकाळी सगळे सरपंचांच्या खाचराकडे निघाले. पाळी बदलल्याचं कोणी बोललं नव्हतं. सगळ्यांना ते आपोआप समजलं होतं. तुमचा काका बांधावर आडवा उभा राहिला.

"आज सातवा नंबर. तुमचा अकरावा."

"आरं, देवळात बोलत्यात ते येगळं आन् शेतात येगळं," कोणीतरी म्हणालं.

"मग देवळात कशाला बसता?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. म्हातारी मात्र संतापली. "माज्या नावानं कशाला भांडतूस रं बाबा? मला ह्याच गावात ऱ्हायाचंय."

तो बाजूला झाला, पण सरपंचांच्या खाचरात उतरला नाही. घरी आला.

नवव्या दिवशी आपल्या खाचरात कोणीही आलं नाही. दहाव्याही नाही. चिखलणी करून ठेवलेली, पाणी उभं आणि रोपं दिवसागणिक जून होत चाललेली. जून रोपाला फुटवे येत नाहीत. वर्षाचं भात जातं. मी त्याला म्हटलं, "जा, माफी माग."

"कशाबद्दल?" त्याने विचारलं. उद्धटपणे नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी त्याच्यावर ओरडले. मग स्वतःच सरपंचांच्या ओट्यावर गेले आणि बसलेल्या पाच-सहा जणांसमोर हात जोडून म्हणाले, "तो वेडाच आहे हो. जन्मापासून डोक्यात बिघाड आहे. मनावर घेऊ नका."

सरपंचांचा चेहरा खुलला. "आवो बाई, मंग आदीच न्हाई का सांगायचं? येड्याचं कोन मनावर घेतंय!" मला चहाही मिळाला.

दुसऱ्या दिवशी सगळे आपल्या खाचरात हजर. "ए यड्या, आज कितवा नंबर?" "आयशीनंच सांगितलंय, आता लपवतूस काय!" रोपांची जुडी हातात धरून तो माझ्याकडे पाहत राहिला. दिवेलागणीला पाय धुताना त्याने विचारलं, "आई, डॉक्टरांनी वेडा म्हटलं होतं?"

"नाही."

"मग तू खोटं बोललीस."

"हो."

"उद्या त्यांना तसं सांग."

मी सांगितलं नाही. तो रोज विचारायचा, जसा पाणी तापलं का विचारतो तसा. मग त्याने विचारणं बंद केलं, आणि ते जास्त वाईट होतं. आयुष्यभर मुलांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईने दाखवणाऱ्या मला स्वतःची चूक सुधारायला अकरा महिने लागले.

यंदा रोपं टाकण्याआधी, म्हणजे रोपांसाठी भाताचं बी पेरण्याआधी, देवळात बैठक झाली. मी उभी राहिले. "गेल्या वर्षी मी खोटं बोलले. माझा मुलगा वेडा नाही. पाळी त्याने सांगितली तीच बरोबर होती, आणि ते तुम्हा सगळ्यांना माहीत होतं."

कोणी खाली पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहत राहिले. म्हातारी पुटपुटली, "झालं का पुन्यांदा सुरू." सरपंच सावकाश म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. शाना असून आडवा आला, व्हय? मंग शान्या मानसाला येड्याची माफी कशी द्यावी, बाई? यंदा तुमचा नंबर शेवटचा."

हशा पिकला. तुमच्या काकाने वही काढली. "शेवटचा म्हणजे चौदावा?"

"व्हय, चौदावा."

त्याने लिहून घेतलं. सगळ्यांनी एकदमच रोपं टाकली. त्याने पहिल्या नंबरवाल्याने टाकल्यावर बरोबर तेरा दिवसांनी टाकली, म्हणजे आपल्या पाळीच्या दिवशी ती कोवळीच असतील. रस्त्याने जाणारे थांबून ओरडायचे, "यड्यानं आजून रोपच टाकलं न्हाई!"

तो प्रत्येकाला तेच सांगायचा, "आमचा नंबर चौदावा आहे." आणि यंदा मीही बांधावर त्याच्या शेजारी उभी राहून तेच सांगत होते.