जोडलेल्या ओळी
माजिवड्याच्या एका ऑफिसात जुनी पत्रं कॉम्प्युटरवर उतरवायला मी दोनच दिवस गेलेलो. शेजारच्या टेबलावरच्या बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या, पत्राच्या फोटोवर बोट ठेवायच्या आणि प्रत्येक ओळ संपली की टाइप केलेल्या मजकुरात तिथे खूण टाकायच्या. मला कळेना. वाक्य पुढे चालूच आहे, मग ओळ कुठे मोडली याचं काय करायचं? मी सगळ्या ओळी जोडून टाकल्या.

बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, शेवटी शेवटी ओळी आखूड होत गेल्यात बघा. हात थकलेला. तुम्ही जोडलंत, तर हा माणूस ठणठणीत वाटतो."

वडिलांनी हॉस्पिटलातून लिहिलेलं पत्र मी मोबाइलमध्ये सलग टाइप करून ठेवलंय. कागद रद्दीत गेला. आता ते उघडलं की वडील ठणठणीत वाटतात. कुठे कुठे थांबले होते, आठवत नाही.