रोझलिन टीचरांचे घरकार

रोझलिन टीचरांची आणि माझी पहिली ओळख एका वाकड्या रेघेवरून झाली. मालवण तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी चित्रकला शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि रिकाम्या वर्गात फळ्यावर समास आखत होतो. टीचर गणित शिकवीत. त्या आत आल्या, दारातूनच रेघ पाहिली आणि डस्टर उचलले. मी जरा घुश्शातच म्हणालो, "एवढी काही वाकडी नाही, चालून जाईल." त्यांनी रेघ पुसली नाही. डस्टर माझ्या हातात देत म्हणाल्या, "वाकडी चलता, मास्तर. पण वाकडी आसा तर वाकडी म्हणा. सरळ म्हणान दाखवू नकात."

मी कुडाळकडचा, भातशेतीतल्या घरातला. पण चित्रकार म्हणवून घेणारा. मला राग आला. तो मधल्या सुट्टीपर्यंत टिकला, कारण मधल्या सुट्टीत त्यांनी मला न विचारता माझ्या डब्यात तळलेल्या बांगड्याची तुकडी ठेवली होती. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत आम्ही एकाच शिक्षक-खोलीत बसलो, भांडलो आणि जेवलो. आज त्या पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत, आणि या गौरवग्रंथात त्यांच्या अध्यापनाबद्दल त्यांचे विद्यार्थी लिहितीलच. मी त्यांच्या निवृत्तीनंतरच्या कामाबद्दल लिहिणार आहे, कारण त्यातला बराचसा भाग मी जवळून पाहिला, आणि थोड्या भागात माझी लुडबुडही होती.

टीचरांचे धाकटे बंधू आग्नेल हे हसतमुख गृहस्थ होते आणि दारूने त्यांना खाल्ले. ते उपचार घेऊन येत तेव्हा चेहऱ्यावर तजेला असे. मग संध्याकाळ होई. तोच नाका, तेच सोबती, तीच हाक. पुन्हा उपचार, पुन्हा तोच नाका. त्यांच्या मातीनंतर चर्चच्या आवारात टीचर मला म्हणाल्या, "बरो करून धाडलो तेका, मास्तर. पण खंय धाडलो? थंयच." त्या रडत नव्हत्या. मला मात्र रडू आले, आणि मी ते लपवले नाही.

आचऱ्याच्या अलीकडच्या एका वाडीत आग्नेल यांचे घर रिकामे पडले होते. टीचरांनी तेच उघडले. उपचार संपवून बाहेर पडलेल्या पुरुषांनी लगेच जुन्या जागी न परतता काही महिने तिथे एकत्र राहायचे, एकमेकांना सांभाळायचे, कामाला जायचे आणि पाय घट्ट झाले की आपापल्या घरी जायचे, एवढी साधी ती योजना. औषधाचे डॉक्टरांकडे. इथे फक्त घर. फाटकाच्या आत दारूचा थेंब नाही हा पहिला नियम, आणि पाळीप्रमाणे स्वयंपाक आणि भांडी हा दुसरा. टीचरांनी तो पहिला नियम स्वतःलाही इतका कडक लावून घेतला की त्यांच्या हातच्या नाताळच्या केकातली रम गेली. तो केक आता कोरडा लागतो. हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

घराची पाटी मी रंगवली. मी चांगले ठसठशीत 'व्यसनमुक्ती निवास' असे आखून नेले होते. टीचरांनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "ह्या कोणाच्या घरावर लिवतत, मास्तर? तुमच्या घरावर काय लिवलला आसा?" पाटीवर शेवटी फक्त 'घर' एवढेच राहिले. राहणाऱ्यांना काय म्हणायचे, हा प्रश्न त्यांनी आधीच सोडवला होता. रुग्ण नाही, लाभार्थी तर नाहीच. त्यांना त्या 'घरकार' म्हणत. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे घरकार म्हणजे घराचा धनी, आणि बायका नवऱ्यालाही घरकारच म्हणतात. जन्मभर अविवाहित राहिलेल्या टीचरांना सहा-सात घरकार, ही थट्टा बाजारात पोचायला वेळ लागला नाही. मासे विकणाऱ्या बायकांनी त्यांना तोंडावर विचारले, तेव्हा टीचर पापलेट निवडत म्हणाल्या, "इतके घरकार मेळले, आणि सगळे भांडी घासतत. तुमच्यातल्या कोणाचा नशीब असा आसा?" त्या दिवसापासून त्या बायका घरासाठी वाटा जरा मोठा घालू लागल्या.

पण हाच शब्द एकदा टीचरांच्या अंगावर उलटला. तो प्रसंग मला विसरता येत नाही.

दुसऱ्या वर्षी वाडीत एकामागून एक कुरबुरी झाल्या. विहिरीचे पाणी मचूळ झाले, वादळात माड पडून एका गोठ्याचे छप्पर गेले. वाडीत बोलणे सुरू झाले की आग्नेलच्या आवारातली राखण चुकली. आमच्याकडे जागेला राखणदार असतो, आणि वर्षातून एकदा त्याला मान द्यावा लागतो. त्याला राखण देणे म्हणतात. त्या आवारातल्या राखणदाराचा मान म्हणजे कोंबडा आणि दारूची बाटली. आग्नेल ख्रिस्ती असूनही दरवर्षी तो चुकवीत नसत. टीचरांनी घर उघडल्यापासून मात्र फाटकातून बाटली आत गेली नव्हती. वाडीने निरोप धाडला: राखण द्या, नाहीतर घर बंद करा.

त्या वेळी घरात दिगू नावाचा खलाशी नुकताच आला होता. त्याचे हात अजून थरथरत. हे घर बंद झाले असते तर त्याला बंदरावरच्या त्याच होडीवर, त्याच माणसांत परतावे लागले असते, आणि तिथून तो पुन्हा उठला नसता. हे टीचरांना माहीत होते आणि दिगूलाही.

ठरल्या सकाळी वाडी आवारात जमली. गाऱ्हाणे घालण्याचा, म्हणजे राखणदारासमोर सगळ्यांच्या वतीने मागणे मांडण्याचा मान वाडीतल्या वडीलधाऱ्या तात्यांचा. टीचरांनी त्यांना खुर्ची दिली आणि शांतपणे म्हणाल्या, "राखण देवया, तात्या. कोंबडो देवया, नारळ देवया. बाटली नाय." तात्या चिडले नाहीत. त्यांनी बाटली पिशवीतून काढून राखणदाराच्या चौथऱ्यावर ठेवली आणि म्हणाले, "टीचर, ही माझ्या बापापासूनची रीत. आणि ती घरकारान आपल्या हातान ओतूची लागता. तुमीच सांगतास मां, हे ह्या घराचे घरकार म्हणान? मगे ओतू दी एकान."

मी टीचरांच्या कानाशी लागलो, "सांगून टाका, घर माझ्या नावावर आहे, मीच ओतते. एका मिनिटाचे काम, विषय मिटेल." सल्ला व्यवहाराचा होता आणि अजूनही मला तो वाईट वाटत नाही. टीचरांनी माझ्याकडे असे पाहिले की मी फळ्यापाशी उभा असल्यासारखा गप्प झालो. "मास्तर," त्या हळू बोलल्या, "मगे घरकार ह्यो शब्द खोटो झालो."

त्यांनी घरकारांकडे पाहिले, पण कोणाला पुढे ढकलले नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. आणि दिगू पुढे आला. बाटलीकडे पाहताना त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने हात पाठीमागे बांधले.

"तात्यानू," तो म्हणाला, "राखणदार म्हणजे राखता तो मां? मगे तेना माका राखूक नको? ही बाटली माझ्या हातात दिलास, तर आज माका कोण राखतलो?"

जमलेल्यांत कुजबुज झाली, एकजण पाय आपटत निघूनही गेला. मग तात्यांनी बाटली पिशवीत घातली, पिशवी नातवाकडे देऊन फाटकाबाहेर पाठवली आणि म्हणाले, "ह्या झिलान बरोबर इचारल्यान. शहाळा हाडा." दिगूने स्वतः कोयत्याने शहाळे तासले आणि चौथऱ्यावर त्याचे पाणी ओतले. अर्धे त्याच्या पायावर सांडले. तात्यांनी गाऱ्हाणे घातले, "बा राखणदारा म्हाराजा, आज ह्या घरचे घरकार शहाळा घेवन तुझ्या म्होरे उभे आसत, ता गोड मानून घे. तेंका राख रे म्हाराजा." आमच्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी मिळून होकार द्यायचा असतो. "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत सर्वांत मोठा आवाज, रोज संध्याकाळी रोझरी म्हणणाऱ्या आमच्या टीचरांचा होता.

इथे लेख संपवला असता तर छान झाले असते, पण टीचरांना ते आवडले नसते. पुढच्या नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात गेल्या आणि दिगू पिऊन परतला. नियमाप्रमाणे त्याच दिवशी त्याला घर सोडावे लागले. टीचरांनी त्याची पिशवी भरली, स्वतः रिक्षात बसून त्याला बहिणीकडे पोचवले आणि तिथे बसून त्याच्या औषधाचे सगळे समजावले. परत आल्यावर त्यांनी त्याचे ताट धुऊन फळीवर पालथे ठेवले. ते दुसऱ्या कोणाला दिले नाही. मधल्या काळात नवे घरकार आले, तेव्हा त्यांनी नवी ताटे आणली. दिगू उपचार घेऊन एका सकाळी फाटकाशी येऊन उभा राहिला आणि घरात सगळ्यांना पाठ झालेले टीचरांचेच शब्द वापरून म्हणाला, "रेघ वाकडी गेली, टीचर. वाकडीच म्हणतंय."

"बरा," टीचर म्हणाल्या. "आत ये. आज भांडी तुझी."

सगळेच असे परतले नाहीत. काहींच्या मातीला आणि काहींच्या चितेपाशी टीचर जाऊन आल्या, आणि आल्यावर हात-पाय धुऊन त्यांनी घरातल्यांसाठी पेज चुलीवर ठेवली. थकल्या नाहीत असे मी म्हणणार नाही. गुडघे गेले आहेत, डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे, आणि स्वभाव होता तसाच आहे. पण फाटक उघडे राहिले. तिथून गेलेले कितीतरी जण आज गवंडीकाम करतात, रिक्षा चालवतात, आंब्याच्या बागा राखतात. दिगू जाळी विणतो आणि बायको-मुलीसह त्याच वाडीत राहतो.

यंदाच्या राखणीला मी मुद्दाम गेलो. तात्या आता खुर्चीतून उठत नाहीत, त्यांनी गाऱ्हाण्याचा मान दिगूला दिला आहे. शहाळ्याचे पाणी नव्या घरकाराने ओतले. दिगूने वाडीसाठी मागितले, होड्यांसाठी मागितले, फाटकातून गेलेल्यांना परतीची वाट दिसू दे म्हणून मागितले, आणि मग म्हणाला, "आणि आमच्या टीचरांका शंभर वर्सा दी रे म्हाराजा. तेंचे गुडघे बरे ठेव."

टीचर मध्येच म्हणाल्या, "दिगू, माका शंभर नको रे. माझ्यासाठी काय एक मागू नको."

दिगूने मागे वळूनही पाहिले नाही. "टीचर, आज गाऱ्हाणा ह्यो घरकार घालता. तुमी फक्त व्हय म्हणूचा."

सगळी वाडी थांबली होती. टीचरांनी चष्मा सारखा केला, आमच्याकडे एकदा रागाने पाहिले, आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

म्हणून मी वेगळी शुभेच्छा लिहीत नाही. निरोगी गुडघ्यांसह शंभर वर्षांना टीचरांनी चारचौघांत होकार दिला आहे, आणि दिलेला शब्द त्यांनी आजवर कधी खोटा पडू दिलेला नाही.