पोपटाची शाल

अंधार पडायच्या आत लग्न लागलं पाहिजे, एवढी एकच गोष्ट मी बोलणी करताना धरून ठेवली. मानपान, आहेर, वऱ्हाडाला जेवायला काय, यावर मी वाद घातला नाही. मुहूर्त तेवढा दुपारचा हवा. आमच्या भागात याचं कोणाला नवल वाटत नाही. मूल तालुक्यात जंगलाला लागून असलेल्या गावांत वऱ्हाड उजेडात येतं आणि उजेडातच परत जातं. व्याही म्हणाले, "बराबर आहे बाई. वाघाचं भेव हायेच."

मी मान हलवली. मला भेव वाघाचं नव्हतं. पोपटाचं होतं.

पोपट माझ्या मुलीचा. एका वादळात मोहाचं जुनं झाड पडलं, त्याच्या ढोलीतून हा बिनपंखांचा गोळा खाली आला. मुलीने तो ओढणीत गुंडाळून घरी आणला. मी म्हटलं, मरेल, जीव लावू नको. तिने भिजवलेली चण्याची डाळ चोळून चोळून त्याला भरवली आणि तो जगला. पिंजरा आणला, पण त्यात तो झोपण्यापुरताच जाई. बाकी दिवसभर तिच्या खांद्यावर, नाहीतर माझ्या पीठगिरणीच्या खिडकीत. गिऱ्हाईक आलं की माझ्या आधी तोच म्हणे, "ठेवा डबा."

इथवर सगळं ठीक होतं. पुढचं माझ्यामुळे झालं.

आमचं घर गावात शेवटचं. मागे परस, परसाला तुराट्यांचं कुंपण, त्यापुढे धानाची खाचरं, आमच्याकडच्या बांध्या, आणि मग जंगल. लग्नाच्या दोन वर्षं आधी हिवाळ्यात एका वाघाने त्या बांध्यांच्या आजूबाजूलाच मुक्काम केला. आमच्या गल्लीतली एक बाई गवत कापायला गेली. तिचा विळा आणि एक चप्पल मिळाली, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्यानंतर दिवस कलायला लागला की मी परसात उभी राहून ओरडत असे, "वाघ आला वो! अंदर व्हा!" वाघ दिसला असो वा नसो. 'संध्याकाळ झाली, घरी चला' म्हटल्याने बायका गप्पा सोडून हलत नाहीत आणि पोरं तर मुळीच नाहीत. 'वाघ' म्हटलं की हलतात.

पुढे तो वाघ पिंजऱ्यात धरून नेला. मी ओरडायची थांबले. पोपट थांबला नाही.

रोज तेवढाच उजेड उरला की तो सुरू होई. हुबेहूब माझा आवाज. 'व्हा' म्हणताना माझा दम तुटतो, तोसुद्धा. पहिले काही दिवस गल्लीतल्या बायका धावत घरात शिरल्या आणि मग मला शिव्या घालत बाहेर आल्या. नंतर सगळ्यांना सवय झाली. शेजारीण म्हणायची, "चला, भोंगा झाला. भात टाका." मला ते हसणं आवडत नसे. वाघाचं नाव ऐकून जिथे कोणी उठत नाही, ती गल्ली मला बरी वाटत नाही. पण पोपटाला कोण समजावणार?

तशात मुलीला स्थळ आलं ते वनरक्षकाचं. मुलगा गोंडपिपरीकडचा, नोकरी गडचिरोली जिल्ह्यात, नवीनच लागलेला, अजून कायम व्हायचा होता. सरळ मुलगा. मुलीला आवडला, मलाही. फक्त पोपट पाळणं हा गुन्हा आहे. आमच्याकडे दर चौथ्या ओसरीला पिंजरा टांगलेला असतो आणि कोणी काही म्हणत नाही, पण वनरक्षकाच्या सासुरवाडीत पिंजरा सापडला तर त्याच्या साहेबांना डोळे मिटून कसं चालेल? मुलगा बघायला आला तेव्हा पोपट शेजारणीकडे होता. साखरपुड्यालाही तिच्याचकडे.

"लग्न झालं का मीच सांगीन त्याहीले," मुलगी म्हणाली.

"लग्न झालं का पोपटाची कोंबडी होते काय?"

तिचं भलतंच चाललं होतं. तिला पोपट मांडवात हवा होता. तिने त्याला चोचीत तांदळाचा दाणा धरून आपल्या डोक्यावर टाकायला शिकवलं होतं. सगळ्यांबरोबर त्यानेही अक्षता टाकायच्या, असा बेत.

"लोक कुत्रे घेऊन लग्न करून राह्यले, आई. मोबाइलवर पाह्य. कुत्र्याले शेरवानी शिवते."

"त्याहीचे नवरे जंगल खात्यात नाईत."

"मग मीबी नाई बसत मांडवात."

"नको बसू. पोपटाले बसव. हार घालाले मान बराबर आहे त्याची."

शेवटी ठरलं ते असं. पोपट आतल्या खोलीत, खिडकीजवळ, पिंजऱ्यावर झाकण टाकून. झाकलं की त्याला रात्र वाटते, मग तो तोंड उघडत नाही. मुलीला तेवढ्याने समाधान नव्हतं. जुनं लुगडं टाकू दिलं नाही. "सगळ्याहीले नवीन कपडे, अन त्याले फाटकं?" म्हणत तिने आहेराच्या गठ्ठ्यातली एक नवी मरून शाल ओढली आणि पिंजऱ्यावर घातली. चांगली दिसत होती. मीही राहू दिली.

लग्नाच्या दिवशी सकाळीच व्याह्यांचा निरोप आला की मुलाचे रेंजर साहेब स्वतः येणार आहेत. त्यांचा मानपान नीट व्हावा.

आत जाऊन पिंजऱ्यावरची शाल चारी बाजूंनी नीट ओढून आले. मी कामं करत राहिले. आचाऱ्यांना भट्ट्या मागे परसात लावायच्या होत्या. मागे जंगल, बायका-पोरं तिकडे फिरतील, म्हणून मी त्यांना घराच्या पुढच्या दारासमोर जागा दिली. मांडव आणि दार यांच्या मध्ये. भाताची मोठाली पातेली, वरणाचा गंज, वड्यांची कढई. शहाणपण केलं असंच मला वाटलं.

वऱ्हाड वेळेवर आलं, पण वेशीपासून मांडवापर्यंत यायला त्यांनी दुपार घालवली. पुढे डीजेची गाडी, मागे नाचणारी पोरं. मी दोनदा माणूस पाठवला. तो परत येऊन सांगे, "नवरदेवाचा मामा नाचून राह्यला, त्याले कोन थांबवते?" मुहूर्त टळला. भटजींना घाई नव्हती, गोरजही चांगलीच असते म्हणाले. मांडवावर टाकलेल्या जांभळीच्या डहाळ्यांवरचं ऊन पिवळं झालं, मग तांबूस. हा उजेड मला पाठ होता. परसात उभी राहून मी हाच उजेड पाहत असे.

रेंजर साहेब जीपमधून उतरले. बरोबर दोन वनरक्षक. पुढच्या खुर्चीवर बसले, हात जोडले, पाणी घेतलं. शांत माणूस. मला वाटलं, आता लग्न लागेल. तर माझ्या दिरांनी माइक धरला. "आदरणीय साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन..." नणंद ताट घेऊन आली आणि मी पाहिलं, साहेबांच्या खांद्यावर मरून शाल पडली. किनारीजवळ मिरचीचं बी चिकटलं होतं.

नणंदेला मी दंडाला धरून बाजूला घेतलं.

"ही कोठून आणली वो?"

"गठ्ठ्यात एक कमी पडली ना वहिनी. आत पिंजऱ्यावर नवी कोरी टाकून होती. काऊन?"

मी दाराकडे वळले. भट्ट्यांपर्यंतसुद्धा पोचले नाही.

"वाघ आला वो! अंदर व्हा!"

माझा आवाज माझ्या घरातून आला आणि मी मांडवात उभी होते. नणंद माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. माझं तोंड मिटलेलं होतं.

गावचे लोक जागचे हलले नाहीत. कोणीतरी हसलंसुद्धा. पण वऱ्हाड परगावचं. ते एकदम उठलं. खुर्च्या आडव्या झाल्या. बायकांनी दिसेल ते मूल उचललं. दोन्ही वनरक्षक काठ्या घेऊन बांध्यांकडे तोंड करून उभे राहिले, त्यामुळे उरल्यासुरल्यांचीही खात्री पटली. 'अंदर व्हा' म्हटलं तर माणूस कुठे धावणार? घराच्या दाराकडे. आणि दाराच्या वाटेवर तेलाची कढई उकळत होती. एक आचारी झारा आडवा धरून "अवो मांगं! मांगं!" ओरडत होता. पुढच्या बाईच्या कडेवर लहान मूल होतं.

"वाघ आला वो!" आतून पुन्हा.

पोपट म्हटलं तर जावयाची नोकरी जाते. नाही म्हटलं तर ती बाई कढईत जाते. मी विचार केला असं म्हणणार नाही. दिरांच्या हातातला माइक ओढून घेतला.

"वाघ नाई! पळू नका! माझा पोपट हाये! घरात पोपट हाये, तो ओरडून राह्यला! थांबा!"

कर्णा तीन गावांना ऐकू जाईल असा लावला होता. लोक थांबले. मूल रडत होतं, तेवढाच आवाज. कढई जागेवर होती.

"पोपट?" व्याही म्हणाले. त्यांचा फेटा सुटला होता. "आमच्या पोराची नोकरी खाले बसले होते काय, बाई, तुमी?"

बरोबरच विचारलं होतं त्यांनी. नवरदेव बोहल्याजवळ उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे आणि मग खाली मान घातली. त्या खाली घातलेल्या मानेची मला वाघाहून जास्त भीती वाटली. आता हा हार काढून ठेवेल, असं वाटलं.

साहेब खुर्चीतून उठलेच नव्हते. शाल तशीच खांद्यावर. "कोणाचा आहे पोपट?" त्यांनी विचारलं.

माझ्या आधी मुलगी बोलली. "माझा हाये, साहेब." ती मुंडावळ्या सावरत आत गेली आणि पिंजरा घेऊन आली. एवढ्या लोकांसमोर नवरी पिंजरा घेऊन चालत होती आणि पोपट अंग फुगवून सगळ्यांकडे बघत होता. "ठेवा डबा," तो म्हणाला. कोणी हसलं नाही.

साहेबांनी पिंजऱ्यात वाकून पाहिलं. मग मुलीला अगदी सावकाश विचारलं, "स्वतःहून आणून देताय ना?"

मला त्याचा अर्थ कळला नाही. तिला कळला असावा. तिने आधी नवरदेवाकडे पाहिलं.

"याहीले ठाऊक नव्हता हा," ती म्हणाली. "मी देऊन राह्यली. माझ्या मनानं."

"ठीक. स्वतःहून दिला, मग केस नाही. पक्ष्यांच्या केंद्रात नेऊ, तिथे उडायला शिकवतात. समज द्यायची ती मी देईन, या माय-लेकींना आणि नवरदेवालाही. पण आधी लग्न लागू द्या. पंचनामा नंतर."

पिंजरा आता सरकारी ताब्यात होता, म्हणून तो साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर, पहिल्या रांगेत ठेवला गेला. अंतरपाट धरला. मला अजून खात्री नव्हती. नवरदेव काय म्हणेल ते अजून कळलं नव्हतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि दुसऱ्याच्या मध्यावर खुर्चीवरून आवाज आला, "वाघ आला वो! अंदर व्हा!"

सगळ्यात आधी अंतरपाटामागून नवरदेव हसला. मग अख्खा मांडव. व्याहीसुद्धा. मला समजलं की लग्न लागलं. पण मी हसले नाही. सगळे घराकडे तोंड करून हसत होते, वनरक्षकही. म्हणून मी बांध्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काही नव्हतं.

पंचनाम्याला फोटो लागतो. पिंजरा नवरदेवाने धरला, शेजारी नवरी. तिने केसांत अडकलेली एक अक्षत काढून दांड्यांतून आत धरली आणि डोकं पुढे केलं. पोपटाने दाणा घेतला. डोक्यावर टाकला नाही, खाऊन टाकला. लग्नातला त्यांचा तिघांचा तेवढाच फोटो आहे आणि तो सरकारकडे आहे.

"झाकलं का ओरडत नाई, साहेब," मुलीने सांगितलं. साहेबांनी अंगावरची शाल काढली, किनारीचं मिरचीचं बी बोटाने झटकलं आणि पिंजऱ्यावर टाकली. नवरीच्या आधी पाठवणी पोपटाची झाली. जीप वळेपर्यंत मुलगी उभी राहिली. रडली ती तेव्हाच. स्वतः निघताना नाही.

जावई पुढे कायम झाला. पोपटाबद्दल तो कधी बोलला नाही, मीही काढलं नाही.

यंदा धान कापणीच्या सुमारास नहराच्या पाळीवर, कालव्याच्या काठाला, पुन्हा वाघाची पावलं दिसली. मोठी, ताजी. त्या संध्याकाळी मी परसात गेले. शेजारीण कुंपणापलीकडे वाकून सांभार, म्हणजे कोथिंबीर, खुडत होती, पाठ बांध्यांकडे. उजेड तोच होता. मी ओरडले, "वाघ आला वो! अंदर व्हा!"

ती वर न पाहताच हसली. "पोपट वापस आला काय वो?"

"नाई," मी म्हटलं. "मी हाओ."

तिने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग हळूच मागे. सांभार तिथेच टाकून ती घरात गेली. तिच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला, तेव्हा मी आत आले.