वाढवलेली वर्षं

आमच्या गावच्या पालखीचा पहिला नारळ गावातल्या सर्वांत वयस्कर पुरुषाच्या हातून फुटतो. त्या मानापायी भिवाजी नाना म्हातारा झाला. आम्ही वर्षाला एका वर्षानं मोठे होत होतो, नाना तीन-तीन वर्षांनी. बघता बघता त्यानं तोवर नारळाचा मान असलेल्या बुधाजीला मागं टाकलं आणि मग स्वतःच्या थोरल्या बहिणीलाही. सोनुआत्या खालापूरकडून माहेरी आली की विचारायची, "मी काय तुझ्या मागून जन्मले का रं?" नाना म्हणायचा, बायकांना कसला आलाय हिशोब. सगळे हसायचे, बुधाजीसुद्धा. आधार कार्ड काढतानाही नानानं तेच वय ठोकून दिलं. माणूस गोड होता, म्हणून त्याचं खोटं कुणाला खुपत नव्हतं, आणि पुढं पुढं खरं वय कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

मागच्या सुगीत नाना भाताची उडवी रचायला वर चढला आणि पाय निसटून खाली आला. खुबा मोडला. त्याचा मुलगा प्रवीण मोहोपाड्याला कंपनीत आहे. तो तसाच धावत आला, टेंपो केला, मी शेजारी म्हणून बरोबर गेलो. हॉस्पिटलात डॉक्टरांनी प्रवीणला वय विचारलं. उत्तर नानानंच दिलं, कण्हत, पण ऐटीत.

"पंच्याऐंशी पुरी."

डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि पुढचं सगळं ते प्रवीणशीच बोलले. या वयात ऑपरेशन झेपणार नाही, घरी न्या, सेवा करा, आता यांना कुठं चालत जायचंय. ना छाती तपासली, ना रक्त. सकाळीच हा माणूस उडवीवर उभा राहून पेंढे झेलत होता, असं मी सांगितलं तर ते नुसते हसले. मला अजून त्या हसण्याचा राग येतो. आणि पंच्याऐंशीचा असता तरी काय झालं? पंच्याऐंशीच्या माणसाला चालावंसं वाटत नाही?

आपण काय बोलून बसलो ते नानाला तेव्हा कळलं. कधी नव्हे तो त्यानं सगळ्यांदेखत आपला मान खाली ठेवला.

"सायेब, मी एकाहत्तरचा हाय. मानासाठी जास्ती सांगत व्हतो. मला उभं करा."

डॉक्टर प्रवीणला हळूच म्हणाले, घाबरलेत, या वयात असा गोंधळ होतो. दुसऱ्या दिवशी सोनुआत्या हॉस्पिटलात आली. मी याची थोरली, याला कडेवर घेऊन मी शेतावर जायचे, असं तिनं परोपरीनं सांगितलं. तिचाही गोंधळच धरला गेला. कार्डावर तर पंच्याऐंशीच होतं. प्रवीणला तरी बापाचं खरं वय कुठून ठाऊक असणार? आजवर त्यानं बापाचं ऐकलं होतं, आता डॉक्टरांचं ऐकलं.

नाना घरी आला तो खाटेवरच राहिला. आत्या माहेरीच थांबली. त्याची कूस बदलायची, त्याला भरवायची, पाठीच्या जखमा पुसायची. मी गेलो की नाना विचारायचा, दुसरा डॉक्टर मिळंल का रं. मी प्रवीणकडे दोनदा विषय काढला. या वयात आणखी हाल कशाला, असं म्हणून तो डोळे पुसायचा. बापावर त्याचा जीव होता, म्हणून मला त्याच्याशी भांडताही येईना.

चैत्रात पालखी निघाली आणि माणसं नारळ घेऊन नानाच्या खाटेपाशी आली. नानानं नारळ हातात धरला, कुरवाळला आणि परत दिला.

"बुधाजीला द्या. तो मोठा हाय."

त्याला भ्रम झालाय, असं बाहेर येऊन सगळे बोलले. बुधाजी मात्र तिथंच दारात रडत उभा होता.

पावसाच्या आधी नाना गेला. तेराव्याच्या पंगतीत जो तो म्हणत होता, सोनं झालं, भरल्या वयात गेला, अशा मरणाला रडायचं नसतं. आत्या कोपऱ्यात डोळ्यांना पदर लावून बसली होती. कुणीतरी तिला समजावलं, पानावर चल म्हणून हात धरला. तिनं हात सोडवून घेतला.

"तुमचा म्हातारा गेला असंल," ती म्हणाली. "माझा धाकला भाऊ गेला. मला रडू द्या."